हाय-स्पीड सर्किट डिझाइनमध्ये पदव्युत्तर शिक्षण : एम.टेक., एम.एस. की आधी आणखी काही?

कृष्णाकाठ

नमस्कार. मी सांगली जिल्ह्यातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात इलेक्ट्रॉनिक्स आणि दूरसंचार शाखेच्या शेवटच्या वर्षाला आहे. गेल्या उन्हाळ्यात एका लहान कंपनीत दोन महिने प्रशिक्षणार्थी म्हणून काम केले. तेथील एका बोर्डावर डीडीआर-३ मेमरी ६०० मेगाहर्ट्‌झच्या क्लॉकवर व्यवस्थित चालत असे आणि ८०० मेगाहर्ट्‌झवर अधूनमधून चुकीची माहिती परत देत असे. वरिष्ठांनी लेआउट, म्हणजे बोर्डावरील तारांची प्रत्यक्ष मांडणी, उघडून दाखवले की एकाच बाइटमधील दोन ट्रेस (बोर्डावरच्या तांब्याच्या तारा) बाकीच्यांपेक्षा जवळजवळ ३ सेंटिमीटर लांब गेले आहेत. पुढच्या आवृत्तीत त्यांनी लांबी सारखी करून घेतली आणि मेमरी मुकाट्याने चालू लागली. स्कीमॅटिकमधली, म्हणजे जोडणीच्या आराखड्यातली, एकही रेघ बदललेली नव्हती, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

याच विषयात पुढे शिकायचे ठरवले आहे; पण चौकशी करू लागलो की प्रत्येक जण वेगळे नाव सांगतो. कोणी व्हीएलएसआय (चिपचे आरेखन) म्हणते, कोणी आरएफ (रेडिओ वारंवारतेची सर्किटे), कोणी मिक्स्ड-सिग्नल, कोणी सिग्नल इंटिग्रिटी. एम.टेक.साठीच्या 'गेट' या परीक्षेची तयारी चालू आहे. घरची परिस्थिती अशी आहे की परदेशी जायचे तर कर्ज काढावे लागेल. या क्षेत्रात असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

अर्धवाहक

प्रश्न नेमका मांडला आहे, म्हणून उत्तरही जरा मोठे देतो. मी बंगळुरात गेली चौदा वर्षे सर्डेसवर, म्हणजे समांतर माहितीची एकच वेगवान सरळ रांग करून ती तारेवर सोडणाऱ्या आणि पलीकडे पुन्हा उलगडणाऱ्या सर्किटांवर, काम करतो.

आधी तुमच्याच बोर्डाचा हिशेब करू. एफआर-४, म्हणजे काचतंतू-इपॉक्सीच्या नेहमीच्या, बोर्डावर सिग्नल एका नॅनोसेकंदात साधारण १५ सेंटिमीटर जातो, म्हणजे ३ सेंटिमीटर जादा लांबीचे २०० पिकोसेकंद झाले. ८०० मेगाहर्ट्‌झच्या डीडीआर मेमरीत क्लॉकच्या दोन्ही कडांवर माहिती जात असल्यामुळे एका बिटाच्या वाट्याला ६२५ पिकोसेकंद येतात; त्यातून सेटअप आणि होल्ड (क्लॉकच्या कडेआधी आणि कडेनंतर माहिती स्थिर राहावी लागते तो वेळ) आणि जिटर (कडेची थरथर) वजा केल्यावर उरलेल्या जागेत हे २०० पिकोसेकंद बसले नाहीत. ६०० मेगाहर्ट्‌झला बिट ८३३ पिकोसेकंदांचा होता, म्हणून तेथे निभावले. स्कीमॅटिकमध्ये तारेला लांबी नसते, बोर्डावर ती असते, आणि आपला सारा विषय या एका फरकातून निघतो.

म्हणूनच 'किती मेगाहर्ट्‌झपासून पुढे हाय-स्पीड म्हणायचे' हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही. पाहायचे ते कडेचा चढ, म्हणजे सिग्नलचे खालच्या पातळीवरून वरच्या पातळीवर जाणे, किती वेळात होतो ते. चढ १०० पिकोसेकंदांचा असेल, तर ०.३५ भागिले चढाचा वेळ या ओबडधोबड सूत्राने बँडविड्थ ३.५ गिगाहर्ट्‌झ निघते, मग क्लॉक १० मेगाहर्ट्‌झचे का असेना.

आता नावांचा गोंधळ. चिपच्या आतले काम, म्हणजे पीएलएल (क्लॉक तयार करणारे सर्किट), इक्वलायझर (तारेने बिघडवलेला सिग्नल सावरणारे), क्लॉक रिकव्हरी (आलेल्या माहितीतून क्लॉक शोधणे) आणि एडीसी (सिग्नलचे आकड्यांत रूपांतर करणारे), हे मिक्स्ड-सिग्नल किंवा अ‍ॅनालॉग व्हीएलएसआय या पाटीखाली शिकवले जाते. चिपच्या बाहेरचे काम, म्हणजे पॅकेज, व्हाया (बोर्डाचे थर जोडणारे भोक), कनेक्टर, बोर्ड आणि केबल, याला सिग्नल इंटिग्रिटी म्हणतात, आणि त्याचा पाया विद्युतचुंबकशास्त्रात आहे. केवळ 'व्हीएलएसआय' असे नाव असलेल्या बऱ्याच अभ्यासक्रमांत भर डिजिटल आरटीएलवर (सर्किटाचे कोडमधील वर्णन) आणि व्हेरिफिकेशनवर (ते बरोबर चालते का याची पडताळणी) असतो. ते चांगले काम आहे, नोकऱ्याही तेथे जास्त आहेत. पण तुमच्या मनातून जी गोष्ट जात नाही, ती तेथे भेटणार नाही.

दोन्ही बाजू एकमेकींत किती गुंतल्या आहेत ते पीसीआय एक्सप्रेस या संगणकातील जोडणीच्या प्रवासात दिसते. २००३ साली ती लेनमागे सेकंदाला २.५ गिगाट्रान्सफरवर सुरू झाली, २०१९ च्या पाचव्या पिढीत ३२ वर पोहोचली आणि २०२२ च्या सहाव्या पिढीत ६४ वर. मात्र ६४ ला जाताना तारेवरची सर्वोच्च मूलभूत वारंवारता दुप्पट केली नाही, ती १६ गिगाहर्ट्‌झवरच ठेवली आणि दोनऐवजी चार पातळ्या वापरून एका ठोक्यात दोन बिट पाठवले. कारण वेग वाढला की तांब्यातील प्रवाह पृष्ठभागाकडे सरकतो. १० गिगाहर्ट्‌झला तो जेमतेम ०.६६ मायक्रोमीटर जाडीच्या थरातून वाहतो, आणि वर बोर्डाचे डायइलेक्ट्रिकही (तांब्याच्या थरांमधले विद्युतरोधक) सिग्नल खाते. बोर्डाने दार लावून घेतले म्हणून चिपवाल्याला चार पातळ्यांची खिडकी शोधावी लागली. फुकट काहीच नाही: पातळ्यांमधील अंतर एक तृतीयांश झाले, म्हणजे ९.५ डेसिबल गेले, आणि चुका दुरुस्त करणारी संकेतपद्धती सक्तीची झाली.

संस्था निवडताना क्रमवारी बाजूला ठेवावी आणि प्रयोगशाळेला तीन प्रश्न विचारावेत. गेल्या तीन वर्षांत येथून किती चिपा फॅबला (चिप बनवणाऱ्या कारखान्यात) गेल्या? त्या परत आल्यावर मोजल्या कोणी, विद्यार्थ्याने की फक्त पीएच.डी.वाल्यांनी? आणि मोजायला उपकरणे कोणती आहेत? मी मुलाखती घेतो तेव्हा सिम्युलेशनच्या सुंदर आकृत्या आणणारे पुष्कळ भेटतात, 'चिप आली, ती अपेक्षेप्रमाणे चालली नाही, आणि का ते मी शोधले' असे सांगणारे फार थोडे.

पश्चिमवारा

अर्धवाहक यांचे तीन प्रश्न मी जाण्यापूर्वी विचारले असते तर बरे झाले असते. मी अमेरिकेतील एका सरकारी विद्यापीठातून एम.एस. केले, नाव लिहीत नाही. प्रवेशाच्या वेळी संकेतस्थळावर प्राध्यापकांच्या चिपांची छायाचित्रे पाहून मी हुरळून गेलो होतो. तेथे गेल्यावर कळले की त्या चिपा पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या आहेत आणि प्रबंधाविना एम.एस. करणाऱ्याने दहा विषय घ्यायचे, प्रत्येकात एक सिम्युलेशन प्रकल्प करायचा आणि चौथ्या सत्रात नोकरी शोधत फिरायचे. प्रयोगशाळेच्या काचेतून मी आत पाहिले आहे, आत गेलो नाही. तेथे संशोधनाचा पैसा मुख्यतः पीएच.डी.वर खर्च होतो, एम.एस.चा विद्यार्थी बहुधा स्वतःचे शुल्क स्वतः भरतो. हे कोणी लपवत नाही, पण विचारल्याशिवाय सांगतही नाही.

तरीही पश्चात्ताप आहे असे म्हणणार नाही. विषय कसून शिकवले, आणि पदवीनंतर १२ महिने आणि तंत्रविषयांसाठी वाढीव २४ महिने काम करण्याची जी मुभा मिळते, तिच्यात कर्ज फिटले. मात्र कर्ज फेडायचे असल्यामुळे पहिली मिळाली ती नोकरी घेतली आणि ती व्हेरिफिकेशनची होती. हाय-स्पीड लिंकमध्ये यायला आणखी चार वर्षे लागली.

कृष्णाकाठ यांना एक व्यावहारिक सूचना करतो. टेक्सास ए अँड एम विद्यापीठातील सॅम पालेर्मो यांच्या हाय-स्पीड लिंक अभ्यासक्रमाची टिपणे सर्वांसाठी खुली आहेत, आणि आयआयटी मद्रासच्या नागेंद्र कृष्णपुरा यांची ब्रॉडबँड सर्किटांवरील व्याख्याने एनपीटेल या खुल्या ऑनलाइन व्यासपीठावर मराठी मुलालाही तितकीच फुकट आहेत जितकी कोणालाही. एक सत्र हे मनापासून करा. त्यानंतरही गोडी टिकली तर कर्जाचा विचार करा.

गिरणगाव

मी दुसऱ्या वाटेने गेलो, म्हणून ती लिहितो. गेट देऊन एका आयआयटीत संशोधन सहायक म्हणून एम.टेक.ला प्रवेश घेतला. अध्यापन सहायकाचे एम.टेक. दोन वर्षांत संपते, यास तीन वर्षे लागतात, आणि नातेवाईक विचारतात की मुलगा नापास झाला काय. पण माझ्या मते या विषयासाठी तिसरे वर्ष हेच खरे शिक्षण आहे. चिपचे आरेखन आणि लेआउट करून ती फॅबला पाठवायची, कित्येक महिने वाट पाहायची, दरम्यान चाचणीचा बोर्ड तयार करायचा, मग चिप मोजायची: हे सारे दोन वर्षांत कोंबणे अवघड असते. हाच विचार करून आयआयटी मद्रासचा संशोधनाधिष्ठित एम.एस. आणि भारतीय विज्ञान संस्थेचा संशोधनाचा एम.टेक. हेही पर्याय पाहावेत. नेहमीच्या एम.टेक.ची शिष्यवृत्ती दरमहा १२,४०० रुपये आहे. श्रीमंती नाही, पण कर्जही नाही.

मोजणे म्हणजे काय, याचा एक प्रसंग सांगतो. माझी पहिली चिप आली. बोर्डावर बसवली, प्रोब (ऑसिलोस्कोपची मोजणारी सुई) लावला, आणि वीजपुरवठ्यावर प्रत्येक कडेनंतर साधारण १३० मेगाहर्ट्‌झची लहर दिसली, चांगली ठसठशीत, पाच-सहा आवर्तने टिकणारी. मी धसकलो. चिपवरचे डीकपलिंग (वीजपुरवठा स्थिर ठेवणारे कपॅसिटर) कमी पडले असे गृहीत धरून नऊ दिवस सिम्युलेशन करत बसलो, बोर्डावर कपॅसिटरचे थर चढवले. लहर तसूभर हलली नाही. दहाव्या दिवशी प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ काका मागे येऊन उभे राहिले, आणि त्यांनी काही न बोलता प्रोबची ती काळी लांब ग्राउंडची शेपटी काढली, टोकाला स्प्रिंग बसवली आणि प्रोब पुन्हा टेकवला. लहर गायब.

नंतर हिशेब केला. १५ सेंटिमीटरच्या शेपटीचे इंडक्टन्स १५० नॅनोहेन्रीच्या घरात आणि प्रोबचे कपॅसिटन्स १० पिकोफॅरड. या दोहोंचा अनुनाद १३० मेगाहर्ट्‌झवरच येतो. मी नऊ दिवस माझी शेपटी मोजत होतो. हा हिशेब दुसऱ्या वर्षाच्या पुस्तकात आहे, मी तो परीक्षेत बरोबर सोडवलाही होता.

डेल्फ्टची खिडकी

युरोपबद्दल थोडक्यात. नेदरलँड्समधील डेल्फ्ट येथे एम.एस्सी. दोन वर्षांचे, १२० श्रेयांकांचे असते. पहिले वर्ष विषयांचे. दुसऱ्याचा बराचसा भाग प्रबंधाचा, आणि तो पुष्कळदा एखाद्या कंपनीत करता येतो. तेथील अ‍ॅनालॉग परंपरा भक्कम आहे. युरोपबाहेरच्यांना शुल्क बरेच जास्त असते, ते धरूनच बेत आखावा. बेल्जियममध्ये लुव्हेनचे विद्यापीठ आणि आयमेक ही संशोधन संस्था एकाच गावात आहेत, ही मोठी सोय आहे. प्रबंधात चिप होईलच असे मात्र तेथेही नाही. अर्धवाहक यांचे प्रश्न युरोपलाही लागू पडतात.

दूरश्रवण

वरील चर्चा वाचून असे वाटू लागले की चिप केली नाही त्याने काही केलेच नाही. याला माझा आक्षेप आहे.

विद्यार्थी असताना मी दोन उन्हाळे नारायणगावजवळ खोडदला, महाकाय मीटरतरंग रेडिओ दुर्बिणीवर काढले. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, आणि अद्ययावत केल्यानंतर त्यांची एकावेळची बँडविड्थ ३२ वरून ४०० मेगाहर्ट्‌झवर गेली. हा बदल कागदावर एका ओळीचा आहे. प्रत्यक्षात ४०० मेगाहर्ट्‌झची बँडविड्थ पकडायला प्रत्येक अँटेनाच्या प्रत्येक ध्रुवीकरणासाठी सेकंदाला किमान ८० कोटी नमुने घ्यावे लागतात, आणि सर्व एडीसींचे क्लॉक एकमेकांशी जुळलेले असावे लागते. क्लॉकची कड १ पिकोसेकंदाने जरी थरथरली, तरी ४०० मेगाहर्ट्‌झच्या सिग्नलसाठी सिग्नल आणि गोंगाट यांचे गुणोत्तर ५२ डेसिबलपुढे जाऊ शकत नाही. याचा अर्थ असा की एडीसीवर १२ बिट छापलेले असोत वा १४, हाती सव्वाआठ बिटांच्या आसपासच लागतात. हे मला कोणत्याही चिपने नव्हे, क्लॉक वाटण्याच्या एका बोर्डाने शिकवले.

एफपीजीए (आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप), एडीसी आणि सिग्नल इंटिग्रिटी यांचे ज्ञान असलेल्या माणसाची दुर्बिणींना, कणत्वरकांना, रडारला आणि वैद्यकीय प्रतिमायंत्रांना गरज असते. पुण्याच्या परिसरात राहून हे काम करता येते, बंगळुरालाच जायला हवे असे नाही. कृष्णाकाठ यांचा मूळ प्रश्न बोर्डाचा होता, हेही विसरू नये.

अर्धवाहक

दूरश्रवण यांचा आक्षेप मान्य. माझे तीन प्रश्न चिपपुरते नाहीत, फक्त तसे लिहिले गेले. 'चिपा' या जागी 'विद्यार्थ्याने स्वतः आखलेली आणि स्वतः मोजलेली वस्तू' असे वाचावे. बोर्डाच्या बाजूने एक उदाहरण माझेही आहे: जाड बोर्डात सिग्नल वरच्या थरांतच वळला आणि व्हायाचा २.५ मिलिमीटर तुकडा खाली नुसता लोंबत राहिला, तर तो पाव तरंगलांबीचा सापळा होतो आणि १५ गिगाहर्ट्‌झच्या आसपासचा सिग्नल गिळतो. ३२ गिगाबिटच्या लिंकला नेमके १६ गिगाहर्ट्‌झच हवे असतात. तो तुकडा उलट्या बाजूने ड्रिल करून काढावा लागतो. चिपमधला कोणताही इक्वलायझर हा खड्डा बुजवू शकत नाही.

चिपबद्दल एक भर घालतो. केंद्र सरकारच्या 'चिप्स टू स्टार्टअप' कार्यक्रमात सी-डॅकच्या बंगळूर केंद्रामार्फत अनेक महाविद्यालयांना आरेखनाची महागडी सॉफ्टवेअरे मिळू लागली आहेत, आणि मोहालीच्या सेमीकंडक्टर लॅबोरेटरीत १८० नॅनोमीटरमध्ये विद्यार्थ्यांच्या चिपा तयार होतात. १८० नॅनोमीटरमध्ये ३२ गिगाबिटचे सर्डेस होणार नाही. पण शिकण्यासाठी एक-दोन गिगाबिटची लिंक पुरे आहे, कारण डोळा मिटण्याची, म्हणजे बिट एकमेकांपासून वेगळे ओळखू न येण्याची, कारणे तीच असतात.

जुनी तार

मी दूरसंचार खात्यातून निवृत्त झालो. तरुणांच्या चर्चेत एकच भर घालतो. १८५८ साली अटलांटिकखालून पहिली तार गेली, तेव्हा व्हिक्टोरिया राणीच्या ९८ शब्दांच्या संदेशाला १६ तास लागले. ठोके एकमेकांत मिसळून जात होते. भौतिकशास्त्रज्ञ विल्यम थॉमसन यांनी आधीच सांगितले होते की अशा तारेत विलंब लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे तार दुप्पट तर विलंब चौपट. १८७० साली सुएझ-एडनमार्गे मुंबईला समुद्री तार आली, तीही याच नियमाने बांधलेली होती.

माझा भाचा चिपच्या आतल्या तारांवर काम करतो. तेथेही तारेला रोध आणि कपॅसिटन्स असल्यामुळे विलंब लांबीच्या वर्गानेच वाढतो, म्हणून मध्ये मध्ये रिपीटर (सिग्नल ताजा करून पुढे देणारी सर्किटे) घालतात, असे त्याने सांगितले. हजारो किलोमीटरच्या तारेचा आणि मिलिमीटरभर तारेचा नियम एकच निघाला, हे ऐकून मला फार बरे वाटले. बाळा, ट्रान्समिशन लाइनचा धडा वगळू नकोस, एवढेच.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. दोन आयआयटींतील प्रयोगशाळांना ते तीन प्रश्न पत्राने विचारले. एकीकडून उत्तर आले आणि ते सविस्तर होते. गेट संपेपर्यंत हाताशी करता येईल असा एखादा प्रयोग कोणी सुचवाल का? महाविद्यालयात १०० मेगाहर्ट्‌झचा ऑसिलोस्कोप आहे, त्याहून चांगले काही नाही.

अर्धवाहक

पुरेसे आहे. १०० मेगाहर्ट्‌झच्या स्कोपचा स्वतःचा चढ ३.५ नॅनोसेकंदांचा, त्यामुळे वेळ ताणून घ्या. ७४एसी१४ ही लॉजिक चिप, ५ व्होल्ट, तिच्यातील एका लॉजिक गेटच्या पुढे ४७ ओहमचा रोध, आणि त्यापुढे ३ मीटर आरजी-५८ ही ५० ओहमची केबल, दुसरे टोक मोकळे. रोध आणि केबल जेथे जुळतात तेथे पाहा. काय दिसले पाहिजे ते आधी कागदावर काढा, मग प्रोब लावा.

कृष्णाकाठ

प्रयोग केला. गिरणगाव यांच्या प्रसंगामुळे शेपटी वापरली नाही. प्रोबच्या कड्याला उघडी तार गुंडाळून तिचे टोक शेजारच्याच ग्राउंडला टेकवले. केबलमध्ये मीटरला ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणून जाऊन-येऊन ३० नॅनोसेकंदांची पायरी अपेक्षित होती. पायरी दिसली, रुंदी ३० नॅनोसेकंद. दुसरे टोक शॉर्ट केल्यावर तीच पायरी ३० नॅनोसेकंदांनी खाली शून्याकडे कोसळली. आमच्या सरांनाही ती पाहायला बोलावले. तेही बराच वेळ उभे राहिले.

एक गोष्ट मात्र जुळत नाही. पायरीची उंची २.५ व्होल्ट असायला हवी होती, ती २.३ च्या जरा वर येते. दोन केबली बदलून पाहिल्या.

गिरणगाव

४७ ओहम तुम्ही बसवला. गेटचा स्वतःचा रोध कोण मोजणार?

कृष्णाकाठ

लक्षात आले. ५० ओहमच्या केबलवर २.३४ व्होल्ट यायचे तर मागे एकूण ५७ ओहम हवेत, म्हणजे गेटच्या पोटात १० ओहम आहेत. रोध ३९ ओहमचा केला, आता पायरी २.५ ला टेकते. स्कीमॅटिकमध्ये हे १० ओहम नव्हते.

आता टोकाला कपॅसिटर लावायचा आहे. ४७ पिकोफॅरड घेतला तर पायरीत फरक जवळजवळ दिसत नाही. माझी चूक होते आहे का?

अर्धवाहक

चूक नाही, स्कोप आंधळा आहे. ५० ओहम आणि ४७ पिकोफॅरड यांचा काळ २.३५ नॅनोसेकंद, आणि तुमचा स्कोप ३.५ च्या आतले पाहू शकत नाही. ४७० पिकोफॅरड लावा. परतलेली लाट आधी शॉर्टसारखी खाली जाईल आणि मग २३ नॅनोसेकंदांच्या काळाने मोकळ्या टोकासारखी वर चढेल. आकृती आधी काढा.